मटणाच्या दुकानावर टांगलेली मी

कोल्हापुरात मी पस्तीस वर्षं राहिले आणि मी ज्यू आहे हे गावाच्या लक्षात आलं नाही. त्यात गावाचा काही दोष नाही. आडनावाच्या शेवटी कर, बोलणं मराठी, नेसणं साडी आणि मटणाच्या बाबतीत मतं ठाम. नाव जरा बायबलातलं, म्हणून शेजारणी मला ख्रिश्चन समजायच्या आणि नाताळाला केक आणून द्यायच्या. एक बँकेतले काका मला पारशी समजून दर ऑगस्टमध्ये पतेतीच्या शुभेच्छा द्यायचे. मी दोन्ही घ्यायचे. दाराच्या चौकटीवर आमच्या प्रार्थनेची छोटी तिरपी डबी ठोकलेली आहे, ती कुरिअरवाला अजून बेल समजून दाबतो.

शाळेत असताना एकदा स्टाफरूममध्ये मी सगळं नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. दोन हजार वर्षांपूर्वी आमचं गलबत अलिबागच्या किनाऱ्याजवळ फुटलं असं आमची माणसं सांगतात. मग कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी देवासाठी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी पी.टी.चे सर म्हणाले, "म्हणजे तेली. मग ओबीसीत येताय की!" त्यानंतर मी कुणाला समजावण्याच्या भानगडीत पडले नाही.

मी भूगोल शिकवायचे आणि फार कडक होते. नकाशात कोकण उलट्या बाजूला दाखवणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करायचे. मुलांनी माझं नाव ठेवलं होतं, त्या जर्मन हुकूमशहाचं. ज्या माणसानं आमची साठ लाख माणसं मारली त्याचं नाव मला, गावातल्या एकुलत्या एका ज्यू बाईला. हे मला कळलं तेव्हा मी मोरीत जाऊन आधी हसले, मग रडले, मग तोंड धुऊन सातवीच्या तासाला गेले.

कोल्हापुरात आमचं प्रार्थनाघर नाही. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि इथे सगळे ज्यू मोजले तर मी एक बाई भरते. नवरा होता तेव्हा दोघं होतो. त्याच्या आधी सासूबाई धरून तीन. सण आला की सासूबाई रिवाजाप्रमाणे "पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये" असं म्हणायच्या आणि पुढच्या वर्षी त्याच खुर्चीत बसून पुन्हा म्हणायच्या. त्यांनी पन्हाळासुद्धा एकदाच बघितला, तोही धुक्यामुळे दिसला नाही.

मग माझ्यात ज्यू म्हणून शिल्लक काय राहिलं? शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथसाठी, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्यासाठी, लावलेला दिवा आणि मुलाण्याचं मटण. दिव्याला कुणी लागत नाही. मटणाला मुलाणी लागतो.

हा मुलाणी आमच्या चौकातला. वाडवडिलांपासून बकरी कापायचा धंदा. माझं लग्न होऊन मी नवी नवी आले तेव्हा सासूबाई मला पिशवी धरायला घेऊन त्याच्या दुकानात गेल्या होत्या. तेव्हा त्याची मिशी काळी होती. सासूबाईंनी त्याला सांगितलं की शुक्रवारचं पहिलं बकरं आमचं, रक्त पुरतं निथळू द्यायचं आणि मांडीतली ती जाड पांढरी शीर ओढून काढायची. त्यानं विचारलं कशापायी. सासूबाई म्हणाल्या, आमच्या एका पूर्वजाची देवदूताशी कुस्ती झाली, त्यात त्याच्या मांडीच्या शिरेला मार बसला, म्हणून आम्ही ती खात नाही.

कोल्हापुरातला माणूस, कुस्ती म्हटल्यावर सुरी खाली ठेवणारच. "कोन जिंकलं?" त्यानं विचारलं.

"पूर्वजानं सोडलंच नाही त्याला. पहाटेपर्यंत चालली."

"मग मांडीवर मारलं कसं? त्ये तर फाऊल हाय की!" मुलाणी खरोखर चिडला. मग थोडा विचार करून म्हणाला, "आणि त्ये तुमचं पूर्वज आमचं पण नबी लागत्यात, आज्जी. न्हाय खायची तर न्हाय खायची."

तेव्हापासून पस्तीस वर्षं दर शुक्रवारी सकाळी त्यानं ती शीर स्वतःच्या हातानं काढली. मुलाच्या हातात दुकान दिल्यावरही शुक्रवारी माझ्यासाठी येऊन बसायचा. शीर काढली की दोन बोटांत धरून मला दाखवायचा, मी मान हलवायचे आणि तो ती मांजरीकडे टाकायचा. आमच्यात धर्मावर एवढंच संभाषण व्हायचं.

मग तिकडे इस्रायल आणि गाझात युद्ध सुरू झालं आणि इकडे मी सापडले.

पहिला आला आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष. माझाच विद्यार्थी, कोकण उलट्या बाजूला दाखवणाऱ्यांतला. आता ठिबकच्या पाइपांची एजन्सी आहे. शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात आठ दिवस इस्रायलला जाऊन आलेला, म्हणजे माझ्यापेक्षा आठ दिवस जास्त. मी ज्यू असल्याचं त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. त्यानं दारातच माझे पाय धरले.

"बाई, तुमी आमास्नी सांगितलं न्हाईसा! काय लोक हायती तुमची! वाळवंटात टोमॅटो! जग तुमच्या खिशात हाय की. बँका तुमच्या, शिनेमं तुमचं, औषधं तुमची."

त्या वेळी आमच्या टाकीची मोटर बंद होती आणि मेकॅनिक चार दिवस फोन उचलत नव्हता. जग खिशात असलेल्या बाईनं बादल्या वाहून पाणी भरलं होतं. हेच बोलणं युरोपात कुणी दात ओठ खात बोललं की त्यातून दंगली झाल्या आहेत, आणि इथे तो तेच हात जोडून बोलत होता. शिव्या द्यायच्या तर पाय धरणाऱ्याला कशा देणार? मी त्याला चहा दिला. चहा पिता पिता म्हणाला, "तुमची शिस्त बघून वाटलं, आपल्याकडं पण त्यो जर्मनीचा एक माणूस पायजे हुता."

"अरे," मी म्हटलं, "त्यानं आमचीच माणसं मारली."

"व्हय, त्ये जरा चुकलंच त्याचं," तो म्हणाला. "पर शिस्त बाई!"

दुसरे आले निवृत्त प्राध्यापक. गावातल्या प्रत्येक मोर्चात पुढे असतात, माणूस प्रामाणिक आहे, मफलर मे महिन्यातही काढत नाहीत. त्यांनी चहा नाकारला. "तुमच्याबद्दल व्यक्तिशः आदरच आहे," ते म्हणाले, आणि मला कळलं की आता अनादर येणार. "पण तुम्ही आधी जाहीर निषेध करा. मग आपण बोलू."

"कुणाचा निषेध?"

"तुमच्या लोकांचा."

"माझी बहीण तिकडे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालते. तिचा करू?"

मग त्यांनी मला झायोनिझम म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. मी व्यक्तीचा नव्हे, प्रवृत्तीचा निषेध करायचा होता. मी विचारलं, "सर, जगात कुठल्याही मराठी माणसानं काही वाईट केलं की तुम्ही निषेधाचं पत्रक काढता का?"

"काढतो," ते म्हणाले. आणि खरंच काढतात, काय बोलणार!

आता मला काय वाटतं ते एकदा सांगून टाकते, कारण युद्धाच्या त्या दोन महिन्यांत ते कुणी विचारलं नाही. बहिणीचा फोन चालू असताना भोंगा वाजायचा आणि ती "ठेवते" म्हणून तळघराकडे पळायची, तेव्हा ती परत लावेपर्यंत मी फोन हातातून ठेवायचे नाही. तो देश बुडावा असं मला कधीच वाटणार नाही, माझी निम्मी माणसं तिथे झोपतात. आणि त्याच टीव्हीवर गाझातल्या पोरांच्या चपला ढिगाऱ्यात दिसायच्या तेव्हा मला जेवण जायचं नाही. हे मी बहिणीला बोलले. ती म्हणाली, तू तिकडे सुखात बसून बोलतेस, आणि आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. तिचंही चुकलं नाही. तो देश काही स्वर्ग नाही हेही आम्हाला माहीत आहे. आमची मावशी तिकडे राहायला गेली त्या वेळी तिथल्या धर्मपंडितांनी आमच्या लोकांना लग्नाआधी पिढ्यान्‌पिढ्यांचे दाखले मागितले होते, तुम्ही खरे ज्यू कशावरून म्हणून. जातपडताळणीपासून सुटका नाही, समुद्र ओलांडला तरी.

अध्यक्ष आणि प्राध्यापक, दोघांनी मिळून एक परिसंवाद ठरवला. कोल्हापुरात दोन माणसांचं पटत नसलं की ते भांडत नाहीत, परिसंवाद घेतात. विषय: ज्यू, त्यांचा देश आणि आपण. मी येणार नाही म्हटलं. अध्यक्ष म्हणाला, "बाई, तुमी काय बी बोलू नगा, फकस्त खुर्चीवर बसायचं."

मंगळवारी सकाळी दूध आणायला गेले आणि चौकात मला मीच दिसले. दहा फुटी फ्लेक्स. शाळेच्या निरोप समारंभातला माझा फोटो, डोक्यावर गुलाबी फेटा. मागे निळा-पांढरा झेंडा. डावीकडे रणगाडा, उजवीकडे टोमॅटो. खाली चौदा शुभेच्छुकांची मुंडकी. वर "कोल्हापूरच्या लेकीचा अभिमान!" आणि सगळ्यांच्या मागे, यरुशलेम म्हणून, एक झगझगीत सोनेरी घुमट. फ्लेक्स करणाऱ्या पोरानं मोबाईलवर यरुशलेम शोधलं असणार आणि पहिलं जे चित्र आलं ते उचललं. तो घुमट मुसलमानांच्या पवित्र जागेचा आहे. रणगाड्याची नळी नेमकी त्याच्यावर रोखलेली होती. चौकातले सगळे चांगले खांब आधीच वाढदिवसांनी धरलेले, म्हणून हा फ्लेक्स बांधला होता एका विजेच्या खांबाला आणि दुसऱ्या टोकाला मुलाण्याच्या दुकानाच्या पत्र्याला.

भूगोलाची बाई मी. घुमट कुणाचा ते मला एका नजरेत कळलं. त्याच क्षणी अध्यक्षाला फोन करून तो उतरवायला लावणं हे माझं काम होतं. मी काय केलं? मी बघत राहिले. माझा फोटो छान आला होता. पस्तीस वर्षं केक आणि पतेती झाल्यावर गावानं पहिल्यांदा मला मी म्हणून ओळखलं होतं, चुकीच्या कारणांसाठी का होईना. मी चौकातल्या फुलवालीला माझा मोबाईल दिला आणि खाली उभं राहून तिच्याकडून फोटो काढून घेतला. तो बहिणीला पाठवला. ती अबोला सोडून म्हणाली, "फेटा शोभतोय." अध्यक्षाला फोन उद्या करू, असं म्हणत तीन दिवस गेले.

शुक्रवारी मुलाण्याकडे गेले. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मटण कापलं, बांधलं, पुढे सरकवलं. मी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "हाय." घरी येऊन पुडकं उघडलं तर शीर तशीच होती. मांडीच्या तुकड्यात, जाड, पांढरी.

पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी तो तुकडा हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले. मला स्वतःला ती नीट काढता येत नाही, कधी शिकलेच नाही, गरजच पडली नव्हती. मटण शेजारणीला दिलं आणि शब्बाथला डाळभात खाल्ला. मला त्याचा राग आला होता. वाटलं, शेवटी हाही त्यांच्यातलाच निघाला. असं मी, बाकीच्यांनी मला "तुमचे लोक" म्हटल्यावर फणकारणारी बाई, मनातल्या मनात म्हणाले. जिभेला हाड नसतं, मनाला तर काहीच नसतं.

रविवारी संध्याकाळी परिसंवादाला मी गेले ते रागाच्या भरातच. हॉल भरलेला. अध्यक्षानं मला "इस्रायलच्या सुकन्या" म्हणून शाल आणि नारळ दिला. प्राध्यापकांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, "बाई निषेध करणार की नाही?" मी उठले. बहिणीच्या तळघराबद्दल बोलले तेव्हा उजव्या बाजूनं टाळ्या आल्या. चपलांबद्दल बोलले तेव्हा डाव्या बाजूनं आल्या. दोन्ही बाजू आपल्याला नको तेव्हा मोबाईल बघत होत्या. मधे एक म्हातारे गृहस्थ अगदी आपुलकीनं उठून म्हणाले, "बाई, मग तुम्ही आपल्या देशात परत कधी जाणार?"

मी त्यांना सांगितलं, माझी दोन वर्षं याच जिल्ह्यातल्या शाहूवाडीला बदली झाली होती तेव्हासुद्धा मी रोज रडत होते, कोल्हापूर सोडावं लागलं म्हणून. हॉल हसला. मला हसू आलं नाही. आभार मानणाऱ्यानं सांगितलं की बाईंनी आपली बाजू समर्थपणे मांडली. कुठली ते दोन्ही बाजूंनी आपापलं ठरवून घेतलं आणि सगळे बटाटेवड्याकडे गेले.

पुढचा शुक्रवार आला. न जाणं सोपं होतं. बाजारात कोंबडी मिळते, ऑनलाइन मासे मिळतात. पण मी त्या दुकानात जायचं सोडलं असतं तर या गावात मी ज्यू म्हणून फक्त फ्लेक्सवर उरले असते. मी गेले. फ्लेक्स तसाच होता, वाऱ्यानं फडफडत होता. दुकानात मुलाणी एकटा होता.

मी पिशवी फळीवर ठेवली आणि विचारलं, "शीर का ठेवलीत?"

त्यानं हात पुसले. "रागानं ठेवली," तो म्हणाला.

"माझ्यावर? मी काय केलं?"

"बाई, आमच्या मोहल्ल्यातली पोरं रोज हितं येत्यात. म्हणत्यात, चाचा, घुमटावर तोफ लावलीया आन् तुमी त्येच्या सावलीत धंदा करताय. तिकडनं मंडळाची पोरं म्हणत्यात, काय चाचा, फ्लेक्स बघून झोंबलं का. मी कुणाला काय सांगू? मी गाझा बघितलं न्हाय, बाई. मिरजेच्या पल्याड गेलो न्हाय. मला पण सगळी इचारत्यात, तुमी कुणाकडचं?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मलाही तेच विचारतात. तो फ्लेक्स मी नाही लावला."

"म्हायती हाय मला. त्येचा राग न्हाय." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुमी खाली हुबं राहून फोटो काढला. मी हितनंच बघत हुतो. तुमी हसत हुतासा."

दोन महिने लोक मला माफी मागायला सांगत होते, एका देशासाठी, एका सैन्यासाठी, न बघितलेल्या माणसांसाठी, आणि मी ती कुणाकडे मागितली नव्हती, मागणारही नव्हते. ही मात्र माझी होती. मी म्हटलं, "चुकलं माझं. घुमट दिसला होता मला. मी उतरवायला लावायला हवा होता. फोटो छान आला म्हणून राहू दिला."

त्यानं वर फ्लेक्सकडे बघितलं. मग म्हणाला, "आता उतरवा मग."

मी म्हटलं, मंडळाला फोन करते. तो म्हणाला, मंडळ बैठक घेईल, मग ठराव करेल. मी म्हटलं, तुम्हीच कापा. तो हसला, त्या हसण्यात आनंद नव्हता. "मी कापला तर सांजंला दुकान ऱ्हाईल व्हय? तुमचं तोंड हाय त्येच्यावर. तुमीच कापायला पायजे."

खरं होतं. अख्ख्या कोल्हापुरात तो फ्लेक्स कापू शकणारं माणूस एकच होतं, चौसष्ट वर्षांचं, गुडघे दुखणारं. त्यानं फुलवालीचं उंच स्टूल आणलं. चौकात माणसं थांबायला लागली. मी पदर खोचला आणि समोरच्या लाकडावरची सुरी उचलली.

त्यानं माझा हात धरला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"ती नगं," तो म्हणाला. "ती तुमच्या मटणाची हाय. आज्जींनी सांगितल्यालं, आमची सुरी येगळी ठेव. शुक्रवार सोडून वापरली न्हाय, कुणाला हात लावू दिला न्हाय. पोराला पण न्हाय." त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि गल्ल्यामागे दुसरी शोधायला लागला. "प्लॅस्टिक कापून बाटवू नगा तिला."

मला हे माहीतच नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं असेल, माझ्या लक्षात राहिलं नाही, मी कधी विचारलं नाही. त्याचं दुकान, त्याचा देव, आणि माझा नियम तो पाळत होता, मी विसरल्यावरसुद्धा.

त्यानं दुसरी सुरी दिली, स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि हळू आवाजात सांगितलं, "घुमट जमिनीवर पडू देऊ नगा. मी घेतो खालनं." मी वर चढले. पहिली दोरी हाताला लागली, पण डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं की गाठ दिसेना. खालून सगळा चौक ओरडत होता, बाई, घाबरू नका, पडणार न्हाय तुमी, त्यानं धरलंय.